किती कापायचे आणि केव्हा

जनरल मिडी या मानकाने १९९१ मध्ये १२८ आवाजांना कायमचे क्रमांक दिले. ४१ वर व्हायोलिन, ७४ वर बासरी, १०५ वर सतार. वाद्य कुठल्याही कंपनीचे असो, क्रमांक सांगितला की साधारण तोच आवाज निघणार. ही सोय मोठी होती. पण तिच्याबरोबर एक समजूतही रुजली, की सिंथेसायझरमधला आवाज हा यादीतून उचलायचा असतो. आज कीबोर्डच्या क्लासात मूल दोन-तीन वर्षे जाते, अलंकार पक्के होतात, हाताला वेग येतो, स्नेहसंमेलनात दोन गाणी वाजवून टाळ्याही मिळतात. एवढ्या काळात त्याच यंत्रातल्या आवाज घडवण्याच्या मुख्य साधनाला त्या मुलाचा हात एकदाही लागलेला नसतो. ते साधन म्हणजे फिल्टर. तो शिकवण्याचा भाग व्हावा, आणि तोही तंत्रज्ञाच्या शाखेत ढकलून न देता वादनाचा भाग म्हणून, असे आमचे मत आहे.

फिल्टरचे काम आवाजातला काही भाग कमी करणे. ही गोष्ट आपल्या कानाला अजिबात नवी नाही. गणपतीत चार गल्ल्या पलीकडून मिरवणूक जात असते तेव्हा बंद खिडकीआड गाण्याचे शब्द पोहोचत नाहीत, झांजाही नाहीत. पोहोचतो तो फक्त खालचा धडधडाट. भिंती उंच कंपने अडवतात आणि मंद कंपने बऱ्यापैकी सोडून देतात. सिंथेसायझरवाले याला लो-पास फिल्टर म्हणतात. त्याहून जवळचा फिल्टर आपल्या तोंडात आहे. एकच सूर धरून 'ऊ' वरून सावकाश 'आ' वर यावे. गळ्यातून निघणारा नाद तोच राहतो. जीभ, जबडा आणि ओठ हलतात तशी त्या नादातली वेगवेगळी कंपने पुढे येतात किंवा दबतात. ओंकार म्हणताना शेवटी ओठ मिटून 'म' सुरू झाला की वरची झळाळी नाहीशी होते, सूर मात्र तसूभरही हलत नाही. स्वीडनचे गुन्नार फांट यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात वाणीची हीच फोड गणिताने मांडली: एक नादाचा उगम आणि त्यावर बसलेला एक फिल्टर. म्हणजे फिल्टर चालवण्याचा रियाज प्रत्येक बोलणारा माणूस बाळपणापासून करत आलेला आहे.

सिंथेसायझरमध्ये उगमाचे काम ऑसिलेटर करतो. त्याची सर्वांत उपयोगी लहर करवतीच्या दातांसारखी दिसते म्हणून तिला सॉटूथ म्हणतात. तिच्यात मूळ सुराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात आणि त्यांच्या लहरींची उंची क्रमाने अर्धी, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी उतरत जाते. चौकोनी लहरीत फक्त विषम उपस्वर सापडतात, म्हणून ती पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांकडे झुकणारी वाटते. साध्या साइन लहरीत उपस्वरच नसतात. तिच्यावर लो-पास फिल्टर लावून काही हाती लागत नाही. आवाज फार तर लहान होतो. नवशिक्या वादकाची इथे हटकून फसगत होते. गुळगुळीत, गोड प्रीसेट, म्हणजे यंत्रातला तयार आवाज, निवडायचा, मग फिल्टरचा नॉब फिरवायचा आणि 'काही फरक पडत नाही' म्हणून तो सोडून द्यायचा. ज्यात भरपूर आहे त्यातूनच कापता येते. सुरुवात कर्कश आवाजापासून करावी लागते, आणि गोड आवाजाच्या शोधात आलेल्या माणसाला हे पटवणे जरा अवघड जाते.

कुठून कापायचे ते ठरवणारा नॉब म्हणजे कटऑफ. लो-पासमध्ये त्याच्या वरचे दबते, हाय-पासमध्ये खालचे. बँड-पास मधला पट्टा ठेवतो, नॉच नेमका तोच काढून टाकतो. हाय-पासचा एक वापर सगळ्यांच्या परिचयाचा आहे: लग्नाच्या डीजेकडचे प्रत्येक रिमिक्स ऐन मोक्याआधी खालचा बास हळूहळू काढून घेते आणि मग एकदम परत सोडते. युक्ती हमखास चालते, म्हणूनच तिचा आता कंटाळा आला आहे.

मराठी कानाला खरी ओढ लावणारी गोष्ट दुसऱ्या नॉबमध्ये आहे. त्याचे नाव रेझोनन्स. तो वाढवला की कटऑफच्या आसपासची कंपने दबण्याऐवजी उठून दिसू लागतात. पांढरी सहाचा ११० हर्ट्झचा सा सॉटूथवर धरून ठेवा, रेझोनन्स बराच वर न्या आणि कटऑफ अगदी खालून सावकाश उघडत जा. पट्टी एकच दाबलेली आहे, पण उपस्वर एकामागून एक पुढे येऊन आपले नाव सांगू लागतात: २२० वर सा, ३३० वर पंचम, ४४० वर पुन्हा सा आणि ५५० वर गंधार. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. त्याच कीबोर्डवर गंधाराची पट्टी दाबली, म्हणजे वरच्या सप्तकातली काळी एक, तर मिळतात ५५४.४ हर्ट्झ. समान अंतराच्या सप्तकामुळे तो गंधार चढा असतो आणि पेटीच्या सुरांवर वर्षानुवर्षे चाललेल्या वादात त्याच्यावर पुष्कळ बोट ठेवले गेले आहे. गंमत अशी की ज्या यंत्राच्या पट्टीतून शुद्ध गंधार निघत नाही, त्याच्याच फिल्टरमधून तो निघतो. संगीताच्या वर्गात श्रुतींवर अर्धा तास बोलण्यापेक्षा हा एक प्रयोग करून दाखवणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

तंबोऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर थोडे आणखी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर तारेत उमटू नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात. कारण घोडीचा किंचित गोलाई दिलेला पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला दोरा. छेडल्यानंतर या उपस्वरांचा भर एका जागी थांबतही नाही, काळाबरोबर सरकत जातो. मिरजेचे कारागीर जवारी काढताना घासून घासून, ऐकून ऐकून जे जुळवतात ते हेच. रेझोनन्स वाढवलेला फिल्टर सावकाश हलवला की तंबोऱ्याची आठवण येते ती या साम्यामुळे. साम्य अपुरे आहे, हेही सांगायला हवे: फिल्टर आधीपासून असलेले उपस्वर उठवतो, जवारी ते नव्याने निर्माण करते.

आता डिजिटल यंत्राच्या आत काय घडते ते पाहू. तिथे तारही नाही आणि वीजदाबाची लहरही नाही. सेकंदाला ४४,१०० आकडे एकामागून एक येत असतात. सर्वांत साधा लो-पास फिल्टर एका ओळीचे गणित आहे. आलेला नवा आकडा आणि आपण मागच्या वेळी बाहेर सोडलेला आकडा यांतला फरक घ्यायचा, त्या फरकाचा, समजा, दहावा भाग मागच्या आकड्यात मिळवायचा आणि तो बाहेर सोडायचा. आत येणारा आकडा शून्यावरून एकावर गेला आणि तिथेच राहिला तर बाहेर ०.१, ०.१९, ०.२७१ असे येत येत तो एकापर्यंत पोहोचतो. पण आतला आकडा प्रत्येक ठोक्याला अधिक एक, उणे एक असा उड्या मारत असेल तर बाहेर जेमतेम विसावा भाग उरतो. सावकाश बदलणारे टिकते, झपाट्याने बदलणारे विरते. आणि झपाट्याने बदलणारे म्हणजेच उंच कंपने. तो दहावा भाग कमी-जास्त करणे म्हणजे कटऑफ फिरवणे. एवढे गणित सातवीच्या मुलालाही करता येईल.

असा एक टप्पा सप्तकागणिक ६ डेसिबल कापतो. चार टप्पे ओळीने लावले तर २४ डेसिबल, म्हणजे प्रत्येक वरच्या सप्तकात उंचीचा सोळावा भाग. अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांनी ट्रान्झिस्टरांच्या शिडीसारख्या जोडणीतून असाच चार टप्प्यांचा फिल्टर बांधला आणि त्याचे पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळाले. त्याच वर्षी मूग यांचा मॉड्युलर सिंथेसायझर भारतातही पोहोचला होता, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये; संगीतज्ञ गीता साराभाईंच्या पुढाकाराने आणि डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या हातून. तिथे झालेली ध्वनिमुद्रणे पुढे अनेक वर्षे फितींवर पडून राहिली.

मूग यांच्या रचनेतला रेझोनन्स मोठा चतुर आहे. चौथ्या टप्प्यातून बाहेर पडलेला आवाज उलटा करून पुन्हा पहिल्या टप्प्यात सोडायचा. कटऑफच्या ठिकाणी प्रत्येक टप्पा लहरीला ४५ अंश मागे ढकलतो. चार टप्प्यांत १८० अंश झाले, म्हणजे लहर बरोबर उलटी झाली. ती पुन्हा उलटवली की सुलटी, आणि आत येणाऱ्या लहरीशी ती हातमिळवणी करते. तेवढीच एक कंपनसंख्या फुगते, बाकीच्यांना हा लाभ नाही. कटऑफवर चार टप्प्यांतून उंचीचा चौथा भाग उरतो, म्हणून परत सोडताना तो चौपट केला की फिल्टरला बाहेरच्या आवाजाची गरजच उरत नाही. तो स्वतःच शिट्टी वाजवू लागतो.

संगणकाला इथेच अडचण आली. परत पाठवायचा आकडा याच क्षणाचा हवा, पण तो अजून काढलेलाच नाही. तो काढायला आधी तोच हाती असायला हवा. सुरुवातीच्या प्रोग्रामरांनी यावर सोपा तोडगा काढला: मागच्या ठोक्याचा आकडा वापरा. उशीर किती, तर सुमारे २३ मायक्रोसेकंद. ऐकायला नगण्य वाटते. पण कटऑफ ५,००० हर्ट्झवर असेल तर तिथली पूर्ण लहर २०० मायक्रोसेकंदांची असते आणि २३ म्हणजे तिचा जवळजवळ नववा हिस्सा. चार टप्प्यांचे जमवलेले १८० अंशांचे गणित तिथे बिघडते. कटऑफ वर जाईल तसा रेझोनन्स भलत्या जागी सरकतो, कधी आवरेनासाही होतो. स्टॅनफर्डच्या टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये मूगच्या फिल्टरचे डिजिटल रूपांतर करताना येणाऱ्या अशा अडचणी बारकाईने तपासल्या. पुढे प्रत्येक ठोक्याला ते गुंतलेले समीकरण सोडवूनच टाकायचे, उशीर शून्य ठेवायचा, ही पद्धत रूढ झाली; वादिम झावालिशिन यांचे या विषयावरचे पुस्तक आज फिल्टर लिहिणाऱ्यांच्या हाताशी असते. 'डिजिटल फिल्टर थंड, अॅनालॉग उबदार' हा वाद अजून ऐकू येतो. त्यात एके काळी तथ्य होते आणि त्याला अशी नेमकी कारणे होती. शिवाय ट्रान्झिस्टर जोराच्या आवाजाला थोडा चेपून टाकतात. तो चेपही गणितात मुद्दाम घालावा लागतो. आता तो घातला जातो. चांगल्या सॉफ्टवेअरमधला फरक डोळे मिटून ओळखू असे छातीठोक सांगणाऱ्यांनी एकदा खरोखर डोळे मिटून पाहावे.

एक दोष मात्र अजून अनेक ठिकाणी भेटतो, आणि तो वादकाला जास्त जाणवतो. मिडी या वाद्यांच्या संदेश-पद्धतीतून नॉबची हालचाल ० ते १२७ अशा पायऱ्यांनी जाते. कटऑफचा पल्ला २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा सप्तके. दहा सप्तके १२८ पायऱ्यांत वाटली की एक पायरी जवळजवळ अर्ध्या सुराएवढी पडते. रेझोनन्स चढवलेला असताना नॉब फिरवला तर आवाज सरकत जाण्याऐवजी टप्पे खात जातो. मींड मागावी आणि पेटीच्या पट्ट्या मिळाव्यात तसे. चांगले यंत्र दोन पायऱ्यांमधले अंतर स्वतः भरून काढते. विकत घेताना दुकानात हे तपासायला अर्धे मिनिट पुरते, तरी लोक विचारतात ते 'आत किती आवाज आहेत?' एवढेच.

हा प्रश्न लोकांच्या तोंडी बसवण्यात डिजिटल यंत्रांच्या पहिल्या पिढीचाही हात आहे. १९८३ मध्ये यामाहाने डीएक्स-७ आणला. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालत होता आणि त्यात फिल्टर नव्हताच. एफएममध्ये उपस्वर कापावे लागत नाहीत. एका लहरीने दुसरीला हलवून ते हवे तेवढे तयार करता येतात. घंटा, इलेक्ट्रिक पियानो यांचे त्याचे आवाज अप्रतिम होते. पण नॉबही गेले. सगळे आकडे एका छोट्या पडद्यावर एकेक करून बदलायचे. ते किचकट काम फार थोड्यांनी केले आणि बाकीच्यांनी तयार आवाजांवर भागवले. १९८८ च्या कॉर्ग एम-१ मध्ये फिल्टर परत आला, तोही रेझोनन्सशिवाय. स्वीडिश कंपनी क्लाव्हियाने १९९५ मध्ये लाल रंगाचा नॉर्ड लीड काढला तेव्हा त्याचे अप्रूप झाले, कारण आत पूर्ण डिजिटल गणित असूनही वरच्या पाटीवर नॉबच नॉब होते. त्या वाद्याचे खरे यश त्याच्या गणितापेक्षा हाताला परत मिळालेल्या जागेत आहे, असे आम्हाला वाटते.

कारण फिल्टर एका जागी ठेवला तर तो फार तर आवाजाचा रंग ठरवतो. हलवला की तो वादनात येतो. तार छेडली की तिचे उंच उपस्वर आधी मरतात आणि खालचे रेंगाळतात. म्हणून सॉटूथवर चटकन मिटत जाणारा लो-पास लावला की छेडलेल्या तारेचा भास होतो. ट्रम्पेटचे उलट. जाँ-क्लोद रिसे यांनी १९६० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ट्रम्पेटचे सूर संगणकावर उलगडून पाहिले, तेव्हा दिसले की आवाज जसा चढतो तसे उंच उपस्वर जास्त प्रमाणात वाढतात. फुंकीच्या वाद्याचा आभास हवा असेल तर सुराच्या सुरुवातीला फिल्टर उघडत न्यावा लागतो. ही हालचाल एन्व्हलपकडून, म्हणजे पट्टी दाबल्यापासून काळानुसार फिल्टर आपोआप हलवणाऱ्या भागाकडून, करून घेता येते: अटॅक किती सावकाश, डिके किती लांब, सस्टेन कुठे थांबायचा. पट्टी जोरात दाबली तर फिल्टर जास्त उघडावा, असेही बांधता येते. मग तीच चार सुरांची ओळ हळुवार आणि ठाशीव अशा दोन्ही प्रकारे वाजते आणि प्रीसेट बदलावा लागत नाही. एक छोटी खबरदारी घ्यावी. कटऑफ ८०० हर्ट्झवर खिळवून ठेवला तर वरच्या सप्तकातले सूर मलूल होतात. पट्टीबरोबर कटऑफही वर सरकावा अशी सोय बहुतेक सिंथेसायझरांत असते. ती चालू आहे की नाही ते पाहावे.

फिल्टर हलवत वाजवण्याचे एक मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे, ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३, घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. टीबी-३०३ हे गिटारवाल्यांना सरावासाठी बासची साथ देणारे छोटे यंत्र होते. त्याचा फिल्टर अॅनालॉग, सुरांचा क्रम साठवणारा भाग डिजिटल. सूर एकमेकांत सरकवण्याची त्याची सोय रागाला मानवणारी होती. भैरव, तोडी, यमन डिस्कोच्या ठेक्यावर आले. तबकडी फारशी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या फ्यूचर या गटाने त्याच ३०३ चे कटऑफ आणि रेझोनन्स गाणे चालू असताना पिळत 'अॅसिड ट्रॅक्स' काढले आणि त्यातून नृत्यसंगीताचा एक अख्खा पंथ उभा राहिला. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा 'अॅसिड हाउसचा जनक मुंबईत' अशा बातम्या आल्या. तो मान ओढूनताणून दिलेला आहे. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असे मानायला काही आधार नाही. पण एकाच स्वस्त यंत्राच्या दोन नॉबांपाशी दोन शहरांतले वादक आपापल्या वाटेने पोहोचले, ही गोष्ट जनकत्वाच्या वादापेक्षा जास्त बोलकी आहे.

क्लास चालवणाऱ्यांची अडचण आम्हाला कळते. पालकांना दिवाळीपर्यंत एक गाणे हवे असते, परीक्षेच्या अभ्यासक्रमात नॉब फिरवण्याला गुण नसतात आणि लहान कीबोर्डांत फिल्टर मेनूच्या पोटात दडलेला असतो. तरीही सगळीच यंत्रे अशी नाहीत. यामाहाच्या पीएसआर-ई४६३ सारख्या घरगुती कीबोर्डवरही कटऑफ आणि रेझोनन्ससाठी दोन नॉब वरच दिलेले आहेत. तेही नसेल तर सर्ज एक्सटी किंवा व्हायटल ही सॉफ्टवेअरे संगणकावर फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. महिन्यातला एक तास पुरे. पहिल्या तासाला प्रीसेट नको. एक सॉटूथ, एक लो-पास, आणि विद्यार्थ्याने एकच सूर धरून 'ऊ' चा 'आ' करून दाखवायचा. दुसऱ्या वेळी त्याच आवाजाची तार करायची, तिसऱ्या वेळी फुंकवाद्य. मग यमनची एक ओळ डाव्या हाताने नॉब सांभाळत वाजवायची. लॅपटॉपचे स्पीकर खालचे सूर फारसे देत नाहीत, म्हणून हेडफोन घ्यावेत. आणि रेझोनन्स शेवटपर्यंत चढवण्याआधी आवाज बराच खाली आणून ठेवावा, कारण शिट्टी सुरू होते तेव्हा ती थेट कानातच होते.